पारसनीस मॅडमचं ऊन

पारसनीस मॅडमना मी पाहिलं ते मेट्रोच्या लेडीज कोचमध्ये, आणि पाहण्याआधी ऐकलं. जानेवारीतली सकाळ, डबा खच्चून भरलेला, आणि त्या गर्दीतून एक खणखणीत मराठी आवाज आला, "अगं, आमच्या वळूंचं वीर्य यंदाही थंडीत बिघडलंय. हलतंय सगळं, पण जात कुठंच नाही! तुमच्या पुण्यात बरंय बाई, ऊन तरी पडतं."

दिल्लीतल्या मराठी माणसांचा एक भाबडा समज असतो. आपण मराठीत बोललो की आजूबाजूच्यांना काही म्हणजे काही कळत नाही. भाजीवाल्यासमोर उभं राहून आम्ही त्याच्या वांग्यांना खुशाल नावं ठेवतो, रिक्षावाल्याच्या मागे बसून त्याचा उद्धार करतो. पण वीर्याला हिंदीतही वीर्यच म्हणतात, हे त्या बाईंच्या गावीही नव्हतं. डब्यातल्या अर्ध्या बायकांनी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. एक कॉलेजची मुलगी दाराकडे तोंड करून खांदे हलवत हसत होती. मी मनात म्हटलं, देवा, ही बाई माझ्या ओळखीपाळखीतली निघू नये.

गुडगावच्या शेवटच्या स्टेशनात मी उतरले, त्याही उतरल्या. मानेसरकडे जाणाऱ्या शेअर ऑटोत मी बसले, तर माझ्या मांडीला मांडी लावून त्याही बसल्या. मानेसर मागे पडलं, गाड्यांचे कारखाने मागे पडले, आणि ज्या फाटकापाशी मी उतरले त्याच फाटकातून त्या आत शिरल्या. तिथे मागे वळून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तूच ना ती नवीन वैशाली? सरोजिनी नगरची? मी पण तिथलीच. मग मघापासून सगळं कळत असून गप्प का होतीस?"

"मॅडम, तुम्ही फोनवर जरा... ते..."

"वीर्य म्हणाले म्हणून लाजलीस? अगं, आजपासून तुझी पोटापाण्याची सोय त्याच्यावरच आहे. चल."

आमचं ते सरकारी केंद्र होतं. जातिवंत वळू पाळायचे, त्यांचं वीर्य गोळा करायचं, अंड्याच्या बलकाच्या द्रावणात मिसळून बारीक नळ्यांत भरायचं, गोठवायचं आणि गावोगावच्या गाईंसाठी पाठवायचं, हा आमचा उद्योग. गोठवलेली एखादी नळी कोमट पाण्यात वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. शुक्राणू जोमात पोहत असले तर माल पास, नाहीतर सगळा माल फेकून द्यायचा. डॉ. हेमा पारसनीस त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सुती साडीवर लॅबकोट आणि पायात गमबूट. हरियाणातल्या मंडळींच्या तोंडी पारसनीस काही बसत नसे, त्यामुळे सगळं केंद्र त्यांना 'पारस मैडम' म्हणे.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "नुसतं हलतंय, का कुठं जातंय?" जागच्या जागी वळवळणाऱ्या शुक्राणूचा त्यांना मनस्वी राग. सरळ रेषेत सूं निघालेला दिसला की "शाब्बास रे पठ्ठ्या!" असं चक्क मोठ्याने म्हणायच्या. हाच प्रश्न त्या फायलींबद्दल विचारत, मीटिंगांबद्दल विचारत, आणि एकदा माझ्यासाठी आईबाबांनी बघितलेल्या एका मुलाबद्दलही विचारला होता. तो नुसताच हलणारा निघाला, हे मी लगेच सांगून टाकते.

पण मॅडमचं खरं वेड म्हणजे ऊन. दिल्लीकरांना हिवाळ्यात उन्हाचं कौतुक असतंच. गच्चीवर खाट टाकून संत्री सोलत बसणाऱ्या बायका कुठल्या कॉलनीत दिसत नाहीत? मॅडमचं त्याहून वरचं होतं. धुक्यातून सूर्य जरा डोकावला की त्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर थाप मारून ओरडत, "पडलं रे पडलं!" आणि आम्ही सगळे खुर्च्या उचलून अंगणात. कुणी हातातलं काम दाखवलं तर म्हणत, "काम संध्याकाळी पण तिथंच असतं. ऊन नसतं." कोवळ्या उन्हाचं कुणी गुणगान केलं की मात्र भडकत. "कोवळं ऊन कवितेत ठेवा. ड जीवनसत्त्वाला दुपारचं चांगलं तापलेलं ऊन लागतं."

यामागे त्यांची एक धारणा होती, आणि ती नुसती लहर नव्हती. थंडीत आमच्या वळूंना गारठ्यापासून जपायला शेडमध्ये कोंडून ठेवत. बाहेर धुकं, धूर, आत ट्यूबलाइट. दर हिवाळ्यात वीर्याचा दर्जा घसरे आणि सगळे म्हणत, थंडीने होतं. मॅडम म्हणत, थंडीने नाही, अंधाराने होतं. कातडीवर ऊन पडलं की अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं. शुक्राणूवर ते जीवनसत्त्व ओळखणाऱ्या जागा असतात, कॅल्शियमच्या ये-जा करण्यात त्याचा हात असतो, आणि त्या कॅल्शियमवर शेपटीचा फटकारा चालतो. काचेच्या बशीत वीर्यात थोडं ड जीवनसत्त्व घातलं की शुक्राणू तरतरीत होत, हे मी त्यांच्या शेजारी बसून डोळ्यांनी पाहिलं. जास्त घातलं की मरगळत, तेही पाहिलं. "मिठासारखं आहे ते," मॅडम म्हणाल्या. "चिमूटभर म्हणजे चिमूटभरच." आणि मग त्यांचं ते आवडतं वाक्य, जे त्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवालाही बिनदिक्कत ऐकवत, "बाळाला ऊन दाखवतात, बाळंतिणीला ऊन दाखवतात. बापाला कुणी विचारतंय का?"

गंमत म्हणजे त्यांनी एकदा स्वतःचं रक्त तपासून घेतलं, तर ड जीवनसत्त्व आमच्या वळूंपेक्षाही खाली! मी हसून हसून बेजार झाले. मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बघितलंस? आयुष्य गेलं सरकारी इमारतीत. नशीब माझं वीर्य कुणाला नकोय."

त्यांच्याकडे जेवणाची एक शिस्त होती. दुपारी अंगणात लांबलचक सतरंजी टाकायची, आणि शास्त्रज्ञ, ड्रायव्हर, झाडूवाला, वळू सांभाळणारी माणसं, सगळे एका ओळीत. डबे मधोमध उघडायचे. मॅडमनी श्रीखंडाच्या वड्या आणल्या आणि माणसं जास्त निघाली तर सुरीने वडीचे तुकडे करायच्या, पण ओळीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं त्यांना खपत नसे. एकदा आमचे डायरेक्टर साहेब जेवायला आले, तेव्हा कुणीतरी कौतुकाने त्यांच्यापुढे पनीरची वेगळी वाटी ठेवली. मॅडमनी ती उचलली, भाजीच्या पातेल्यात ओतली, ढवळली आणि सगळ्यांना वाढली. "एक पंगत में दो तरह की थाली नहीं," त्या साहेबांना हसत म्हणाल्या. "हमारे यहाँ पाप लगता है." साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण जेवले.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी मॅडम रिटायर होणार होत्या, मार्चअखेर. शेडच्या दक्षिणेला एक मोकळं मैदान होतं. केंद्रात दिवसभर ऊन येणारी तेवढी एकच जागा. मॅडमचं म्हणणं, इथे कुंपण घालून वळूंसाठी कायमचं उन्हाचं आवार करा. डायरेक्टर साहेबांच्या डोक्यात त्याच जागी ऑडिटोरियम. त्यांनी मॅडमना स्पष्ट सांगितलं, "मैडम, सबूत लाइए. मार्च की कमेटी में दिखा दीजिए कि धूप से फ़र्क़ पड़ता है, मैदान आपका. नहीं तो अप्रैल में खुदाई."

म्हणजे मॅडमच्या हातात एकच हिवाळा होता. वळूच्या अंगात शुक्राणू तयार व्हायलाच दोनेक महिने लागतात, त्यामुळे आज ऊन दिलं आणि उद्या बघितलं असं चालत नाही. नोव्हेंबर संपता संपता प्रयोग सुरू झाला. बारा वळू निवडले. सहांना रोज दुपारी मैदानात बांधायचं, सहांना शेडमध्येच ठेवायचं. बाकी चारा-पाणी, खुराक सगळं सारखं. शेवटी दोन्ही गटांचं रक्त आणि वीर्य तपासायचं.

वळूंना ने-आण करण्याचं काम रामफलकडे. साडेसहा फूट उंच, मानेसरजवळच्याच गावचा, वळूंशी बायकोपेक्षा जास्त बोलणारा माणूस. मॅडमनी त्याला सहा वळू दाखवले, "ये बाहर, बाकी अंदर." त्याने मान हलवली. मी जरा धास्तावून विचारलं, "मॅडम, त्याला नीट समजावून सांगायचं का?" मॅडम घाईत होत्या. कमिटीपुढे ठेवायचा मसुदा लिहायचा होता, पेन्शनच्या कागदांसाठी सारखं दिल्लीला हेडऑफिसात खेटे घालायचे होते. म्हणाल्या, "अगं, बांधायचं आणि सोडायचं. त्यात काय समजवायचंय?"

डिसेंबर गेला. निम्मा जानेवारी नुसत्या धुक्यात गेला. डोळ्यांसमोर धरलेलं बोट दिसत नव्हतं, उन्हातले वळू नावालाच उन्हातले होते. आणि मग एका रविवारी सकाळी आमच्या क्वार्टरची बेल वाजली. दारात मॅडम, डोक्याला मफलर, पायात गमबूट.

"चल. ऊन पडलंय."

"मॅडम, आज रविवार!"

"वळूंना माहीत नसतं ते. चल म्हणते ना."

आईने बटाटेपोहे पुढे केले, तर त्यांनी ते उभ्या उभ्या खाल्ले. वाटेत मेट्रोत एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, अचानक तपासणी करायची आहे. मनात म्हटलं, रामफलची आज काही खैर नाही.

आणि खरोखरच नव्हती. फाटकातून आत शिरलो तर मैदानात लख्ख ऊन, आणि त्या उन्हात सावलीतले सहाच्या सहा वळू डोळे मिटून रवंथ करत बसलेले. उन्हातले सहा शेडमध्ये. मधोमध रामफल, एका वळूच्या मानेला खरारा करत, काहीतरी गुणगुणत. आम्हाला बघून त्याच्या हातातला खरारा खाली पडला.

"रामफल! ये क्या है?"

"मैडम जी..." तो साडेसहा फुटांचा माणूस एकदम लहान झाला. "आज इनकी बारी है जी."

"बारी? कैसी बारी?"

मग सगळं बाहेर आलं. दर रविवारी, दर सुट्टीला, आणि मॅडम हेडऑफिसला गेल्या की त्या प्रत्येक दिवशी रामफल सावलीतल्या सहांना बाहेर काढत होता. आठवडाभराची कसर भरून निघावी म्हणून त्यांना जरा जास्तच वेळ ठेवत होता. आणि सरकारी केंद्रात सुट्ट्या काही कमी नसतात.

"जी ना मान्या, मैडम जी," तो म्हणाला. "छह धूप खावें और छह भीतर खड़े तरसें? एक ही शेड के हैं. आप ही तो कहो हो, एक पंगत में दो तरह की थाली नहीं."

मी कपाळावर हात मारला. मॅडम मात्र कडाडल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मेरी पूरी सर्दियाँ खा गया तू! समझता है कुछ? ये मैदान जाएगा अब! इनकी धूप हमेशा के लिए जाएगी, तेरे लाड़ के मारे!" रामफल रडायला लागला. त्याला बघून मॅडमनी ओरडणं सोडलं. त्या मैदानातल्या दगडावर मटकन बसल्या. मग त्या एकदम हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वैशू, माझीच पंगत माझ्या पानावर आली गं," म्हणाल्या. मला हसावं की रडावं कळेना.

फेब्रुवारीत रक्ताचे रिपोर्ट आले. दोन्ही गटांचं ड जीवनसत्त्व सारखंच. वीर्यही सारखंच, आणि दोन्हीकडचं गेल्या वर्षीपेक्षा बरं. नव्याने सुरुवात करायला हिवाळा उरला नव्हता.

मार्चमध्ये कमिटी बसली. मॅडमनी सरळ सांगितलं, दोन गटांत फरक आढळला नाही, कारण दोन्ही गटांना ऊन मिळालं. डायरेक्टर साहेबांच्या चेहऱ्यावर ऑडिटोरियम उजळलं. पण दिल्लीहून आलेल्या एका म्हाताऱ्या सदस्यांना मॅडमबद्दल जिव्हाळा होता. ते म्हणाले, "पारसनीस जी, पिछले साल से तो बारहों बेहतर हैं ना? वही दिखा दीजिए. बात तो आपकी ही साबित होती है."

मी टेबलाखाली बोटं आवळली. मनात ओरडत होते, म्हणा हो मॅडम, म्हणा! एक 'जी' म्हटलं की मैदान आपलं.

मॅडम म्हणाल्या, "सर, इस साल चारा भी बदला है. मुझे नहीं पता ये धूप का असर है या चारे का. जो मुझे ख़ुद नहीं पता, वो आपको कैसे दिखाऊँ? धूप न पास हुई, न फ़ेल. इम्तहान ही नहीं हुआ."

"और ये गड़बड़ किसकी वजह से हुई?" डायरेक्टर साहेबांनी विचारलं. रामफलची नोकरी त्या प्रश्नावर टांगलेली होती, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं.

"मेरी वजह से," मॅडम म्हणाल्या. "मैंने कमेटी को समझाया, हेडऑफिस को समझाया. जिसके हाथ में रस्सी थी, उसी को नहीं समझाया." मग त्यांनी एकच मागणं मागितलं. अजून एक हिवाळा मैदान खणू नका, वैशालीला प्रयोग पुन्हा करू द्या. ऑडिटोरियमची मंजुरी तशीही कुठल्याशा फायलीत अडकली होती, त्यामुळे साहेबांना उदार होणं सोपं गेलं.

महिनाअखेरीस मॅडमनी सरोजिनी नगरचं क्वार्टर रिकामं केलं आणि सांगलीला भावाकडे राहायला गेल्या. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. रामफलने गावाकडचं तूप आणलं होतं. गाडी हलेपर्यंत मॅडम मला बजावत होत्या, "आधी त्याला समजाव. मग दावं त्याच्या हातात दे."

मी तसंच केलं. पुढच्या नोव्हेंबरात रामफलला प्रयोगशाळेत बोलावून सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. तो श्वास रोखून बघत राहिला. त्याला सांगितलं, यंदा सहाजणांनी सावली सोसली तर पुढे सगळ्यांना कायमचं ऊन मिळेल. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, "सगलों नै? सबको? पक्का?" मी म्हटलं, पक्का. त्यानंतर त्याने त्या सहांना एकदाही बाहेर काढलं नाही. त्यांना खुराक घालताना मात्र त्यांच्याकडे बघायचा नाही.

फेब्रुवारी सरता सरता निकाल हातात आला आणि मी आधी सांगलीला फोन लावला.

"मॅडम, फरक आला! उन्हातल्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व जास्त, आणि गोठवून वितळवल्यावर शुक्राणू चांगले पोहतायत!"

"किती चांगले?"

"खूप नाही. पण स्पष्ट दिसतंय."

"चमत्कार नाही ना? मग खरं असेल," त्या म्हणाल्या. आवाज थकलेला वाटला. मध्ये त्यांच्या तब्येतीने बरंच छळलं होतं. मैदान वाचणार, कुंपण घालणार, डायरेक्टर साहेबही कबूल झाले, असं मी भडाभडा सांगत सुटले. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"आणि सावलीतले सहा कुठे आहेत?"

"शेडमध्ये."

"अजून? अगं, निकाल लागला ना? मग फोन काय करत बसलीस? सोड त्यांना बाहेर! आणि फोन ठेवू नकोस."

मी तशीच फोन कानाला लावून शेडकडे पळाले. रामफलला हाक मारली, तर तो दावी सोडायला जणू टपूनच बसला होता. पहिला वळू दारात येऊन थबकला, डोळे बारीक करून उभा राहिला, मग पुढे झाला. त्याच्यामागून दुसरा. मी एकेकाचं नाव फोनवर सांगत होते आणि पलीकडून मॅडम नुसतं "हं" म्हणत होत्या. सहावा बाहेर पडला तेव्हा "हं" सुद्धा आलं नाही.

"मॅडम? आहात ना?"

"आहे गं." मग म्हणाल्या, "वैशू, त्या रविवारी तुला ओढून नेलं होतं मी. आठवतं?"

"तपासणीला. हो."

"कसली तपासणी! इतक्या दिवसांनी ऊन पडलं होतं. मला घरात बसवेना. म्हटलं, त्या सहांना एक तासभर बाहेर काढू, कुणाला कळणारे. रामफल माझ्या आधी पोचला होता, एवढंच."